दाजींचं प्रगतिपुस्तक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे नातेवाईक सहसा तीन कामांसाठी येतात. कोऱ्या नोटा पाहिजेत, कर्ज पाहिजे, किंवा कर्ज मिळालेलं आहे आणि आता ते फेडायची इच्छा राहिलेली नाही. माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी यांतल्या एकाही कामासाठी कधी आले नाहीत. ते गणिताचे मास्तर आहेत. कर्जाचं व्याज त्यांना तोंडी करता येतं, आणि ज्याला ते तोंडी करता येतं तो माणूस कर्जाच्या वाटेला जात नाही, असा माझा काउंटरवरचा अनुभव आहे.

त्यामुळे ऑगस्टमधल्या एका रविवारी, साताऱ्याचा पाऊस धो धो कोसळत असताना, छत्री गळती आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल अशा अवस्थेत दाजी दारात उभे राहिले, तेव्हा आमच्या हिला वाटलं की ताईशी काहीतरी बिनसलं. मला वाटलं, अखेर कर्ज. आम्ही दोघंही चुकलो.

"तू बी.कॉम. ना रे?" दाजींनी चपला काढता काढता विचारलं.

मी कबूल केलं. पंचवीस वर्षांपूर्वी हातून घडलेली गोष्ट माणसाने उगीच नाकारू नये.

"मग हे वाच."

आमच्या खानदानात बी.कॉम. झालेला मी पहिलाच. त्यामुळे घरात मला गरिबाचा वकील, गरिबाचा सी.ए. आणि लग्नात आहेराची पाकिटं मोजणारा असे तीन हुद्दे एकदम मिळालेले आहेत. पगार एकाचाही नाही. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. चार पानी मजकूर होता. वर ठळक अक्षरांत 'कार्यक्षमताधारित वेतन करारनामा' असं लिहिलेलं. 'कार्यक्षमता' हा शब्द आत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला होता आणि दाजींनी तिन्ही ठिकाणी लाल शाईने गोल केला होता. गणिताचा मास्तर झाला म्हणून काय झालं, हात लाल शाईचाच.

आता दाजींच्या शाळेबद्दल सांगायला हवं. नाव सांगत नाही, कारण दाजींना अजून सहा वर्षं तिथेच काढायची आहेत. शाळा खाजगी. सरकारचं अनुदान नाही; देणगीदारांची नावं मात्र प्रत्येक पंख्याच्या पात्यावर आहेत. पंखा बंद असला की वाचता येतात, आणि तो बहुतेक बंद असतो. दाजींचा पगार चोवीस हजार. हा आकडा मला त्याच दिवशी कळला. सव्वीस वर्षांत मी कधी विचारला नव्हता आणि त्यांनी कधी सांगितला नव्हता.

नवा करार असा होता. चोवीस हजारांपैकी सत्तर टक्के 'स्थिर' आणि तीस टक्के 'बदलते'. बदलत्या तिसातले पंधरा टक्के दहावीच्या निकालावर, पाच पालकांच्या 'समाधानपत्रका'वर, पाच मे महिन्यात मास्तरांनी घरोघर फिरून आणलेल्या नव्या प्रवेशांवर, आणि उरलेले पाच 'एकंदर वर्तन व सकारात्मकता' यांवर.

"दाजी, ही सकारात्मकता कोण मोजणार?"

"सेक्रेटरी. ते सकारात्मकच आहेत. त्यांच्याकडे पेट्रोल पंप आहे."

मी हसलो. दाजी हसले नाहीत, तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे. आमच्या हिने चहा ठेवला. दाजींनी फाइलमधून आणखी एक कागद काढला. तो त्यांनी मला दिला नाही, गुडघ्याखाली घडी घालून ठेवला. त्या कागदाकडे मी मागाहून येतो. आधी मला या कराराचा समाचार घ्यायचा आहे, आणि तो मी माझ्याच हत्याराने, म्हणजे जमाखर्चाने घेणार आहे.

अकरावी कॉमर्सला आम्हाला पहिला धडा शिकवला होता की घेणाऱ्याचं खातं नावे आणि देणाऱ्याचं खातं जमा. जगातला सगळा व्यापार या एका ओळीवर चालतो. आता समजा, एका पोराला दहावीला गणितात ब्याऐंशी मार्क पडले. घेणारं पोरगं, ठीक. देणारा कोण? करार म्हणतो, दाजी. पण ते पोरगं संध्याकाळी क्लासला जातं. क्लासवाला चौकात त्या पोराचा फोटो लावून छातीठोकपणे सांगणार की जमा माझ्या खात्यात. आई पहाटे पाचला उठवते, तिने काय पाप केलं? तिसरीतल्या ज्या बाईंनी पाढे पाठ करून घेतले त्या आता रिटायर होऊन मुलीकडे नाशिकला असतात. त्यांचा हिस्सा काय मनीऑर्डरने पाठवायचा? शिवाय त्या पोराच्या बापाच्या दोन थपडा आहेत, आणि पोराचं स्वतःचंही काही असेलच. एवढे देणेकरी एका ब्याऐंशीवर हक्क सांगत असताना सगळी रक्कम एकट्या दाजींच्या खात्यावर टाकायची हे हिशेबाच्या कोणत्या शास्त्रात बसतं? आणि ब्याऐंशीच्या जागी बावीस पडले, की मात्र क्लासवाला, आई, बाप, बाई सगळे चौकातून नाहीसे होतात आणि नावे टाकायला एकटे दाजी उरतात. आमच्या ऑडिटरने असं खातं पाहिलं असतं तर शाखाधिकाऱ्याला घाम फुटला असता.

तुम्ही म्हणाल, अहो क्लार्कसाहेब, तुमच्या बँकांतही आता कामगिरीवर पैसे मिळतात, तेव्हा नाही बोललात. बरोबर आहे. मिळतात आणि मी ते मोजून घेतो. नोव्हेंबर २०२० मध्ये बँकांचा अकरावा द्विपक्षीय करार झाला, त्यात ही तरतूद आली. बँकेचा ऑपरेटिंग प्रॉफिट आदल्या वर्षापेक्षा पाच ते दहा टक्के वाढला तर पाच दिवसांचा पगार जादा, दहा ते पंधरा वाढला तर दहा दिवसांचा, आणि पंधराच्या वर गेला तर पंधरा दिवसांचा. यात माझी कामगिरी कोणती? मी पासबुकं छापतो आणि "प्रिंटर बंद आहे, उद्या या" असं दिवसातून चाळीस वेळा सांगतो. यामुळे नफा वाढत असेल तर मला माहीत नाही. पण त्या करारात दोन गोष्टी होत्या. मिळालं तर सगळ्यांना मिळतं, आणि नफा नाही वाढला तर जादा मिळत नाही; महिन्याचा पगार कापत नाहीत. वर मिळणारं ते बक्षीस. आहे त्यातलं काढून 'जिंकून दाखव' म्हणणं याला आमच्या गल्लीत गोट्या खेळतानासुद्धा दुसरा शब्द होता.

पण खरं सांगायचं तर बँकेतला दुसरा एक प्रकार मला जास्त आठवला, आणि तो मी आजवर घरातही सांगितलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेला विम्याच्या पॉलिसी विकायचं टार्गेट आलं. प्रत्येक काउंटरला आकडा. मार्चचा शेवटचा आठवडा, माझ्या आकड्यात एक पॉलिसी कमी. एक आजी आल्या, दोन लाखांची ठेव नव्याने ठेवायला. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. इतका चांगला मी एरवी वागत नाही. आणि मग ठेवीच्या फॉर्मऐवजी दुसरा फॉर्म पुढे केला. "यात जास्त मिळतं, आजी," म्हणालो. खोटं नव्हतं; पाच वर्षं दरसाल हप्ता भरायचा असतो हे फक्त मी नीट सांगितलं नाही. शाखेला त्या वर्षी फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. पुढच्या मार्चमध्ये आजी पैसे काढायला आल्या. मी त्या वेळी जेवायला गेलो होतो, म्हणजे त्यांना येताना पाहून जेवायला गेलो होतो. मी मूळचा लबाड माणूस नाही, पण आकडा लटकवला की माणूस आकड्याकडे बघतो, समोरच्या खुर्चीकडे बघत नाही. २०१६ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या, की जनधनच्या शून्य शिल्लक खात्यांची संख्या कमी दिसावी म्हणून काही बँकांतल्या कर्मचाऱ्यांनीच त्या खात्यांत एकेक रुपया भरला. लोक हसले. मी नाही हसलो. मला ती माणसं ओळखीची वाटली.

बरं, हा निकाल नावाचा आकडा तरी कसा असतो ते बघा. आमच्या राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० झाला. एका वर्षात बारा टक्के मास्तर बिघडले की काय? तसं काही नाही. त्या वर्षी भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे मार्क बंद केले होते. ते पुढच्या वर्षी परत सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० वर गेला. आणि २०२१ साली, वाचकहो, निकाल लागला ९९.९५ टक्के! त्या वर्षी करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती आणि शाळेला महिनोन् महिने कुलूप होतं. म्हणजे या नव्या कराराच्या न्यायाने महाराष्ट्रातल्या मास्तरांनी सगळ्यात उत्तम काम कधी केलं, तर जेव्हा त्यांना वर्गात पाऊल टाकता येत नव्हतं तेव्हा. सेक्रेटरींनी हा आकडा बारकाईने पाहिला तर मास्तरांना कायमचंच घरी बसवतील, असं मी दाजींना म्हटलं. दाजी म्हणाले, "त्यांना ते सुचलेलं आहे."

असं नका समजू की ही बुद्धी फक्त पेट्रोल पंपवाल्यांना होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये खुद्द आमच्या शासनाने निर्णय काढला होता. शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळते ना, ती मिळवायची तर नववी-दहावीचा निकाल ऐंशी टक्क्यांहून अधिक हवा, आणि खालच्या वर्गांसाठी शाळा 'शाळासिद्धी'त 'अ' श्रेणीत हवी. म्हणजे मास्तर गुणी की अवगुणी ते शाळेच्या भिंतींना, नळांना आणि मुतारीला विचारून ठरवायचं. मग २०१९ च्या जूनमध्ये अख्ख्या राज्याचाच निकाल ७७.१० लागला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने ती अट काढून टाकली. या दोन घटनांचा परस्परसंबंध मी लावत नाही. मी बँकेत आहे. आम्हाला तारखा शेजारी-शेजारी लिहायची सवय असते, इतकंच.

दाजींना मात्र वाटत होतं की हे नवं अरिष्ट आहे आणि ते त्यांच्याच नशिबी आलं. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, दाजी, हे अरिष्ट दीडशे वर्षांहून जुनं आहे. (मी वाचनालयात जातो. घरी पंखा आमच्या हिच्या बाजूला असतो, म्हणून.) रॉबर्ट लो म्हणून एक इंग्रज गृहस्थ होते. शिक्षणावर सरकारचा खर्च फार होतो असं त्यांना वाटे. १८६२ साली त्यांनी इंग्लंडच्या शाळांना नवा नियम लावला. पोराची हजेरी भरली तर दर पोरामागे चार शिलिंग. आणि साहेब तपासायला येईल तेव्हा वाचन, लेखन, अंकगणित तिन्ही जमलं तर आणखी आठ शिलिंग. एका विषयात नापास झालं की त्यातले दोन शिलिंग आठ पेन्स कमी. हिशेब चोख आहे, तिन्ही विषयांचे मिळून बरोबर आठ शिलिंग होतात. मी करून पाहिला. पार्लमेंटात लोसाहेबांनी सांगितलं की हे शिक्षण स्वस्त पडलं नाही तर कामाचं तरी होईल, आणि कामाचं झालं नाही तर स्वस्त तरी पडेल. आमचे सेक्रेटरी एवढं स्पष्ट बोलत नाहीत.

मग काय झालं? जे व्हायचं तेच. मास्तरांनी इतिहास, भूगोल, गाणं गुंडाळून ठेवलं, कारण त्यांना शिलिंग नव्हता. वाचनाचं एकच पुस्तक वर्षभर इतकं घोटून घेतलं, की सांगतात, साहेबाने ते पोराच्या हातात उलटं दिलं तरी पोरगं धडाधड 'वाचत' असे. मॅथ्यू आर्नल्ड हा मोठा कवी पोटासाठी शाळा तपासणीस होता. पस्तीस वर्षं त्याने ती नोकरी केली. तो पहिल्यापासून ओरडत होता की ही पद्धत वाईट आहे, शाळा यंत्र झाल्या. पण तपासणीसाचं कोण ऐकतं? इंग्लंडला हे सगळं मोडीत काढायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. तोवर आपल्या मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानाला हीच पद्धत लागलेली होती. जाता जाता, हे लोसाहेब पुढे इंग्लंडचे अर्थमंत्री झाले आणि १८७१ साली त्यांनी काड्यापेट्यांवर कर बसवायचा घाट घातला. काड्यापेट्या करणाऱ्या बाया आणि पोरी रस्त्यावर आल्या आणि कर गुंडाळावा लागला. मास्तर लोक कधी असे रस्त्यावर आले नाहीत, म्हणून त्यांचं प्रकरण तीस वर्षं चाललं.

इथे कोणीतरी वाचक बोट वर करणार आणि म्हणणार, की अहो, महात्मा फुल्यांनीसुद्धा १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडलं होतं की ज्या खेड्यातल्या मास्तराची पुष्कळ पोरं पास होतील त्याला उत्तेजन म्हणून विशेष भत्ता द्यावा. मांडलं होतं. मीही ते वाचलेलं आहे. पण त्यांनी आधी काय मागितलं ते वाचा: मास्तराला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, गावात त्याला मान मिळेल अशी आणखी कामं द्यावीत, आणि मग भत्ता, तोही पगाराखेरीज. आधी जेवण, वर पेढा. आंध्रातही २००५ पासून काही वर्षं शेकडो शाळांत प्रयोग झाला, मुलं सुधारली तर मास्तरांना बोनस. मुलं खरंच सुधारली. मी ते नाकारत नाही. तिथेही दिलं ते वरचं होतं. पेढा द्यायला माझी ना नाही. ताटातली भाकरी काढून घ्यायची आणि तिलाच पेढा म्हणायचं, याला माझी हरकत आहे, आणि या बाबतीत फुल्यांना सेक्रेटरींच्या बाजूला बसवायला मी तयार नाही.

आता तो गुडघ्याखालचा कागद.

चहा झाला. पाऊस जरा कमी झाला. दाजींनी कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर शाळेचा शिक्का, खाली रेघा मारलेल्या आणि वर लिहिलेलं: 'फॉर्म नं. १७ साठी सुचविलेले विद्यार्थी'. खाली चार ओळी कोऱ्या.

ज्यांच्या घरात दहावीचं पोरगं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे दहावीला बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा फॉर्म. ज्यांची शाळा सुटली, ज्यांना कामधंदा करून परीक्षा द्यायची आहे, त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. आमच्या शाखेतल्या शिपायाने चाळिसाव्या वर्षी सतरा नंबर भरून दहावी काढली आणि पेढे वाटले. पण काही शाळांना या फॉर्मचा दुसराच उपयोग सापडला आहे. जे पोरगं नापास होईलसं वाटतं त्याच्या बापाला बोलवायचं, गोड बोलून शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा, आणि सतरा नंबर भरायला लावायचा. पोरगं नापास झालं तरी ते शाळेचं नव्हे. शाळेचा निकाल शंभर टक्के, आणि गेटवर फ्लेक्स.

"सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या वर्गातून चार नावं द्या," दाजी म्हणाले. "म्हणाले, यात तुमचाच फायदा आहे. तू बी.कॉम. आहेस, फायदा किती ते जरा काढून दे."

मी कॅल्क्युलेटर घेतला. करारातल्या पोटकलमात होतं: वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला तर निकालाचे पंधरा टक्के पूर्ण, पंच्याण्णव ते शंभरच्या आत लागला तर निम्मे, पंच्याण्णवच्या खाली शून्य. दाजींचा वर्ग बेचाळीस मुलांचा. चार काढली तर राहिली अडतीस, अडतीसच्या अडतीस पास, शंभर टक्के. चारही ठेवली आणि चारही नापास झाली, तर निकाल ९०.४८, म्हणजे शून्य. चोवीस हजारांचे पंधरा टक्के छत्तीसशे. बारा महिन्यांचे ४३,२०० रुपये. भागिले चार.

"एका पोरामागे १०,८००," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर मला ते आवडलं नाही.

दाजी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यातलं एक आहे ना, ते स्टँडसमोर बापाच्या वडापावच्या गाडीवर असतं. संध्याकाळी पाच ते दहा. शाळेत झोपतं. चाचणीत बीजगणिताला चाळीसपैकी सहा. पण गाडीवर सात गिऱ्हाइकांचे सुटे एका दमात परत करतं. मी उभा राहून पाहिलंय. एकदा चुकलं नाही."

आता प्रस्तुत लेखकाच्या चरित्रातला एक भाग सांगणं प्राप्त आहे. मी नववीत असताना सहामाहीला मला गणितात दीडशेपैकी एकवीस मार्क होते. त्या वेळचे आमचे मास्तर नाकात बोलत आणि त्यांच्या सदऱ्याला कायम खडूचा वास येई. त्यांनी मला मे महिनाभर सकाळी सातला घरी बोलावलं. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या मंडळींनी पोहे मात्र दिले. दहावीला, १९९६ साली, मला दीडशेपैकी अठ्ठावन्न पडले. दहावीच्या निकालात गणितापुढे मारलेली ती बारीकशी बरोबरची खूण मी अजून विसरलेलो नाही. आज मी लोकांचे पैसे मोजतो, आणि दिवसअखेर कॅश जुळते. पण त्या मास्तरांना त्या वर्षी छत्तीसशे रुपयांचा करार असता, आणि कोऱ्या रेघांचा कागद असता, तर वर्गात पहिलं नाव कोणाचं लिहिलं गेलं असतं हे काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. आणि गंमत अशी की त्या मास्तरांना मी वाईट म्हणू शकलो नसतो. त्यांना दोन मुली होत्या. मलाही मार्चमध्ये एक पॉलिसी कमी होती, आणि मला तर मुलीसुद्धा नव्हत्या.

या कराराबद्दल मला राग आहे तो इथे आहे. तो करार वाईट मास्तरांना सुधारत नाही. वाईट मास्तर चार नावं लिहून, चहा पिऊन घरी जाईल आणि वर्षअखेर उत्तम शिक्षक ठरेल. ४३,२०० रुपये भरायला लागणार ते दाजींसारख्याला. ज्याला पोरगं सोडवत नाही त्याच्यावर हा दंड आहे, आणि पावतीवर लिहिलंय 'कार्यक्षमता'.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"ताईला सांगितलं. ती म्हणाली, गच्चीला डांबर पुढच्या वर्षी लावू. गळतंय ते गळू दे." दाजींनी कोरा कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला. तो कोराच राहिला. "पण तीन तरी पास करायला पाहिजेत. मग एकेचाळीसवर निम्मे मिळतात. बघितलंस ना तू?"

बघितलं होतं. बेचाळीसपैकी एकेचाळीस म्हणजे ९७.६२. चाळीस झाले तरी ९५.२४, तरीही निम्मे. म्हणजे दोन पास झाली तरी चालतं. मी ते सांगितलं. दाजी म्हणाले, "दोन नको. तीन धरू."

मग त्यांनी करारावर सही केली. सहीच्या वर, लाल शाईने, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात शेरा लिहिला: 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' मी म्हटलं, दाजी, सकारात्मकतेचे पाच टक्के गेले. म्हणाले, जाऊ दे.

निघताना छत्री उघडता उघडता ते सहज म्हणाले, "तुमच्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात ना?"

असतात. २०१५ च्या सप्टेंबरपासून असतात. मी बेसावधपणे हो म्हणालो.

"मग त्या दिवशी ये. चौघांना अर्थनियोजनाचा धडा तू शिकव. जीएसटी, शेअर्स वगैरे. तुझा विषय आहे."

असा मी, वयाच्या या टप्प्यावर, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, बिनपगारी, बिनकराराचा मास्तर झालो. पहिल्या शनिवारी फळ्यावर सरळव्याजाचं सूत्र लिहिलं आणि वळलो तर वडापाववाल्याचं पोरगं जागं होतं. त्याने हात वर केला.

"सर, एक हिशेब सांगाल?"

म्हटलं, विचार की.

"आमच्या पप्पांनी एकाकडून गाडीसाठी दहा हजार घेतले. त्याने हातात नऊच दिले. हजार आधीच कापले. आता रोज शंभर रुपये, शंभर दिवस. पप्पा म्हणतात दहा टक्के व्याज आहे, स्वस्त आहे, बँक आपल्याला देत पण नाही." त्याने जरा थांबून माझ्याकडे पाहिलं. "पण सर, पैसे तर रोज परत जातात. शेवटी शेवटी आमच्याकडे त्याचे काहीच नसतात. मग दहा कसं?"

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. बी.कॉम., वीस वर्षांची बँकेची नोकरी, आणि फळ्यावर मला ते सुटेना. पाठीमागच्या बाकावर दाजी बसले होते. त्यांनी एक शब्द काढला नाही, पण मिशीत हसत होते. मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी बँकेच्या कॉम्प्युटरवर तो हिशेब घातला. वर्षाला सत्त्याहत्तर टक्क्यांच्या वर जातो. कागदाच्या चिठ्ठीवर मी तो मोठ्या अक्षरांत लिहिला आणि संध्याकाळी चौथ्या शनिवारची वाट न बघता स्टँडसमोरच्या गाडीवर गेलो. पोरगं सुटे परत करत होतं. मी चिठ्ठी दिली. त्याने वाचली, बापाला दाखवली, आणि मला म्हणालं, "सर, कसं काढलं ते पण लिहा ना."